चंदनाच्या वासाने रडू येतं, मग ध्यानाला बसू कशी?

प्रश्न : माझं वय ५६. डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये मी, हे आणि सासूबाई असे तिघं राहतो. गेल्या श्रावणात माझी आई गेली. अजून वर्षश्राद्ध व्हायचंय. मन कशातच लागेना म्हणून दिवाळीनंतर जवळच्या ध्यानवर्गाला जायला लागले. तिथे फक्त श्वासाकडे लक्ष ठेवायला सांगतात. पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरात आसन टाकून अर्धा तास बसते. वर्गातल्याच एका मैत्रिणीकडून सात चक्रांसाठी सात इसेन्शियल ऑइल्सचा संच घेतला, डिफ्यूझर (पाण्यात टाकलेलं तेल बारीक तुषारांनी हवेत सोडणारं यंत्र) धरून अकरा हजारांना. ती ही तेलं विकते. सासूबाईंना दमा आहे, म्हणून स्वयंपाकघराचं दार-खिडकी लावून घेते आणि डिफ्यूझरमध्ये दहा-बारा थेंब टाकते. थोड्या वेळाने वास येईनासा होतो, मग आणखी टाकते. उठताना डोकं जड झालेलं असतं. सोबतच्या पुस्तिकेत बर्गमॉटचं तेल भुवयांच्या मधे लावायला सांगितलंय, तेही लावते आणि मग फिरायला जाते. चंदनाची बाटली उघडली की मात्र रडू कोसळतं. आई रोज सहाणेवर चंदन उगाळायची. मैत्रीण म्हणते, तुझं चक्र उघडतंय, चांगलं लक्षण आहे, आता लव्हेंडरचा एक थेंब रोज कोमट पाण्यातून घे. आठवडाभर घेतेय. हे म्हणतात, त्यापेक्षा साधी उदबत्ती लाव. शनिवार-रविवार तीन वर्षांची नात येते. कोणत्या चक्राला कोणतं तेल वापरू, किती थेंब? रडू येतं ते चांगलं की वाईट? आणि मैत्रिणीला काय सांगू?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

बाकीचं सावकाश वाचा, पण पाण्यातून तेल घेणं आजच थांबवा. एका थेंबाने आठवडाभरात मोठं काही बिघडलं असेल असं नाही, पण छातीत-पोटात जळजळ, मळमळ, चक्कर असं काही जाणवत असेल किंवा रक्तदाबाची, झोपेची, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना हे तेल घेतल्याचं स्पष्ट सांगा. इसेन्शियल ऑइल हा वनस्पतीचा काढा नव्हे. एक किलो गुलाबाचं तेल काढायला साधारण तीन ते पाच हजार किलो पाकळ्या लागतात, यावरून एका थेंबात काय एकवटलेलं असतं याचा अंदाज येईल. शिवाय तेल पाण्यात विरघळत नाही. तो थेंब पाण्यावर तरंगत राहतो आणि तसाच्या तसा ओठांना, घशाला, अन्ननलिकेला लागतो. आपल्याकडे तुळस, आलं, गवती चहा उकळून प्यायची सवय असल्यामुळे ‘झाडाचंच तर आहे’ असं मनात येतं. धोत्राही झाडच आहे. पोटातून घ्यायचं कुठलंही तेल डॉक्टरने, मात्रा ठरवून, लिहून दिलेलं असलं पाहिजे. मैत्रिणीचा सल्ला त्याला पुरत नाही, मग तिचा हेतू कितीही चांगला असो.

दुसरी गोष्ट भुवयांच्या मधल्या बर्गमॉटची. बर्गमॉट ही लिंबाच्या जातीतलीच एक इटालियन बहीण. तिच्या सालीच्या तेलात असे घटक असतात की तेल लावलेल्या त्वचेवर ऊन पडलं की ती भाजल्यासारखी लाल होते, फोड येऊ शकतात आणि नंतर काळा डाग महिनोन् महिने राहतो. तुम्ही ते कपाळाला लावून सकाळच्या उन्हात फिरायला जाता. हे बंद. साल दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलाचंही तसंच. कुठलंही तेल निव्वळ, थेट बाटलीतून त्वचेवर लावायचं नाही आणि डोळ्यांच्या आसपास तर पातळ करूनही नाही. मनगटाला लावायची हौस असेल तर दोन चहाचे चमचे तिळाच्या किंवा खोबरेल तेलात दोन थेंब, एवढंच प्रमाण पुरे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघा.

आता तुमच्या जड डोक्याकडे येऊ. नाकाचा स्वभाव असा आहे की एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत ते त्याची दखल घेणं सोडून देतं. आपल्या घराला वास असतो हे पाहुण्याला कळतं, आपल्याला कळत नाही, ते यामुळेच. तुमच्या स्वयंपाकघरात वास संपलेला नसतो, तुमच्या नाकाने त्याची नोंद घेणं थांबवलेलं असतं. हवेत तेल तेवढंच असतं, तुम्ही वर आणखी टाकता, आणि बंद खोलीत अर्धा तास ते सगळं श्वासातून आत जातं. डोकं जड होणारच. डिफ्यूझर वापरायचाच असेल तर शंभर मिली पाण्याला तीन-चार थेंब, बसण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं, खिडकी उघडी. बसताना बंद करून टाकायचा. टाकीतलं पाणी रोज ओतून, पुसून, कोरडी करून ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात तिच्यात बुळबुळीत थर धरतो आणि तोच हवेत उडतो. पण खरं सांगू का, तुमच्या घराला डिफ्यूझर मानवणारा नाही. कारण सासूबाई.

वन बीएचकेमध्ये दाराखालच्या फटीतून फोडणीचा वास बाहेरच्या खोलीत जातो, तर तेलाचा का जाणार नाही? दम्याच्या माणसाला उग्र वासाने श्वासनलिका आवळल्यासारखी होऊ शकते, मग तो वास कितीही शुद्ध आणि महागड्या तेलाचा असो. सासूबाई बोलल्या नसतील. सून पहाटे उठून देवाधर्माचं काहीतरी करतेय, त्यात आपण कुठे मोडता घालायचा, म्हणून त्या उशी उंच करून निमूट खोकत असतील. तुम्हीच विचारा. पहाटेचा खोकला दिवाळीपासून वाढलाय का, पंप जास्त वेळा घ्यावा लागतोय का, एवढे दोन प्रश्न पुरेत. आणि यजमानांना सांगा, उदबत्तीचा पर्याय त्यांनी प्रेमाने सुचवला असला तरी दम्यासाठी तो आणखी वाईट आहे, कारण तिच्या धुरातले बारीक कण सरळ फुप्फुसात उतरतात. धूप, लोबान यांचंही तेच.

नातीबद्दल कडक सांगते. संचात निलगिरी असेल आणि घरात कापराचं तेल असेल, तर दोन्ही तिच्या हाताला लागणार नाहीत अशा उंच, कुलपाच्या कपाटात ठेवा. लहान मुलाच्या पोटात अगदी थोडं कापराचं किंवा निलगिरीचं तेल गेलं तरी थोड्याच वेळात झटके येऊ शकतात. या बाटल्या छोट्या, रंगीत झाकणांच्या आणि खाऊसारख्या वासाच्या असतात, मूल तोंडाला लावणारच. चुकून प्यायलं गेलंच तर ओकारी काढायला घशात बोट घालू नका, मीठपाणी पाजू नका. ओकताना तेल फुप्फुसात गेलं तर ते पोटात राहण्यापेक्षा घातक ठरतं. बाटली हातात घ्या आणि तडक दवाखाना गाठा. कापूर फडक्यात बांधून मुलाच्या गळ्यात अडकवायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे, तीही सोडून द्यावी असं मला वाटतं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. तो चक्रांचा नाही, आईचा आहे असं मला तुमचं पत्र वाचताना सारखं वाटत राहिलं.

डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत शिरताना आधी थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यावरून जातं. वासाला ती वाट घ्यावी लागत नाही. नाकाच्या वरच्या टोकाशी असलेल्या पेशींकडून तो कपाळामागच्या घ्राणकंदात जातो आणि तिथून जवळजवळ थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांत. म्हणून बाटली उघडल्यावर ‘हे चंदन आहे’ असा विचार यायच्या आधीच आई येते. तिचा हात, सहाणेवर फिरणारं खोड, ओल्या गंधाची वाटी. यात काही बिघडलेलं नाही, काही उघडलेलंही नाही. आई जाऊन वर्षही झालेलं नाही. तिच्या वासाने लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, एवढंच हे आहे. ते चांगलं की वाईट असा कौल लावायचा विषयच नाही.

मैत्रिणीचं ‘चक्र उघडतंय’ हे म्हणणं मला खटकलं ते एवढ्यासाठी की त्यात तुमची आई नाहीशी होते. रडण्याला मोठं आध्यात्मिक नाव मिळालं की ते कशासाठी होतं ते बोलायचं राहून जातं. वरून रोज रडू आलंच पाहिजे, नाही आलं तर प्रगती थांबली, असं नवं ओझं डोक्यावर येतं.

माझा सल्ला असा. चंदन ध्यानातून काढा आणि देवघरात ठेवा. गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य हे पूजेतले पाच उपचार. यात गंध पहिला आहे आणि तो देवाला वाहायचा असतो. तुमच्या आईने स्वतःचं मन शांत व्हावं म्हणून चंदन उगाळलं नाही, देवाला लावायला उगाळलं. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या चंदन उगाळून द्यायचा ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, त्यातही ती सेवा आहे. तर आईची सहाण आणि खोड माहेरी असेल तर भावाकडून मागून घ्या. नसेल तर नवं घ्या. ध्यानानंतर, अंघोळ झाली की, देवासमोर बसून दोन थेंब पाण्यात खोड गोल फिरवत राहा. घाई केली तर नुसतं गढूळ पाणी सुटतं. हात हलका ठेवून एकाच लयीत फिरवलं की हळूहळू लोण्यासारखं दाट गंध जमतं आणि वास उमलतो. त्या वेळी रडू आलं तर येऊ द्या. कुणी विचारलं तर आईची आठवण आली म्हणून सांगा. यासाठी वीज लागत नाही आणि याचा वास देवघराच्या कोपऱ्यापलीकडे फारसा जात नाही, त्यामुळे सासूबाईंनाही बहुधा त्रास व्हायचा नाही. तरी त्यांना विचारूनच.

पहाटेची बैठक मात्र अशा वासावर आधारा ज्याच्याशी तुमचं काहीच जोडलेलं नाही. किंवा कुठल्याच वासाशिवाय बसा. हे दुसरं मी मुद्दाम लिहिते. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाची जागा कशी असावी, आसन कसं असावं, पाठ-मान-डोकं कसं धरावं, नजर कुठे ठेवावी हे सगळं सांगितलंय. सुगंधाचा त्यात उल्लेख नाही. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिरात तर धूप-उदबत्ती लावायला मनाई असते, जप आणि पूजाही त्या दिवसांपुरती बाजूला ठेवायची असते. तिथे नैसर्गिक श्वास जसा आहे तसा पाहायचा असतो, त्यामुळे त्यावर दुसरं काही चढवत नाहीत. तुमच्या वर्गातही श्वासच पाहायला शिकवतात. तर आधी शिकवणाऱ्या ताईंना किंवा सरांना विचारा, वास चालेल का. ते नको म्हणाले तर विषय संपला.

चालेल म्हणाले तर एक पद्धत सांगते. ती मला डिफ्यूझरपेक्षा कितीतरी बरी वाटते. आपल्याकडे लग्नकार्यात अत्तराचा फाया देतात ना, तसा कापसाचा हरभऱ्याएवढा फाया करा. त्यावर तेलाचा एक थेंब. फाया घट्ट झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डबीत. आसनावर बसलात, पाठ सरळ झाली की डबी उघडा, नाकापासून वीतभर अंतरावर धरा आणि तीन सावकाश श्वास घ्या. झाकण लावा, डबी बाजूला ठेवा, डोळे मिटा. आता वास जाताना पाहायचा. पहिल्या दोन-चार श्वासांत तो स्पष्ट असतो. मग फक्त श्वास आत येतानाच जाणवतो. मग नाकपुडीच्या एका कडेला कुठेतरी पुसट राहतो, आहे की नाही अशी शंका येते. ज्या जागी ही शंका येते, तिथेच श्वासाचा गार स्पर्श असतो. वास गेला की लक्ष आपोआप त्या स्पर्शावर उरतं, आणि तुम्हाला वर्गात नेमकं तेच शिकवलेलं आहे. पुन्हा डबी उघडायची नाही. मन भरकटलं म्हणून वासाला परत बोलावलं तर नाक बसायला शिकेल, मन शिकणार नाही.

रोज एकच तेल, फक्त याच वेळेला. संध्याकाळी कंटाळा आला म्हणून हुंगायचं नाही, पाहुण्यांना दाखवायचं नाही. मग काही आठवड्यांत डबीचं झाकण निघालं की शरीराला कळतं, आता बसायचंय. वासाचा ध्यानाला खरा उपयोग माझ्या मते एवढाच, बैठकीची वेळ झाल्याची खूण म्हणून. आठवड्यातून एक-दोन दिवस डबी न उघडताही बसा, म्हणजे ती कुबडी होणार नाही. प्रवासात, मुलीकडे गेल्यावर, सर्दीत नाक चोंदलं असताना बैठक अडून राहायला नको.

तेल कोणतं? तुम्ही चक्रांचं विचारलंय, तर तेही सांगून टाकते. चक्रांचं तपशीलवार वर्णन करणारा षट्चक्रनिरूपण हा १५७७ सालचा संस्कृत ग्रंथ आहे. त्यात प्रत्येक कमळाच्या पाकळ्या, अक्षरं, बीजमंत्र, तत्त्व, देवता असं सगळं येतं. अमुक चक्राला लव्हेंडर, तमुक चक्राला रोझमेरी हे त्यात नाही, आणि असणार तरी कसं, ही भूमध्य समुद्राकाठची झाडं. जम्मूच्या भदरवाह भागात लव्हेंडरची शेती फोफावली ती अगदी अलीकडे. सात चक्रांना सात तेलं हा तक्ता आजकालचा आहे आणि संच विकायला सोयीचा आहे. परंपरेत गंधाचा धागा सापडतो तो मूलाधार या सगळ्यात खालच्या चक्राशी, कारण त्याचं तत्त्व पृथ्वी आणि पृथ्वीचा गुण गंध. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात आणखी एक सुंदर गोष्ट आहे. नाकाच्या टोकावर धारणा स्थिर झाली की साधकाला दिव्य गंधाची जाणीव होते आणि त्याने मनाला स्थैर्य येतं, असं तिथे म्हटलंय. म्हणजे वास हा साधनेत उमटणारा अनुभव. तो बाटलीतून आत ओतायला तिथे सांगितलेलं नाही.

त्यामुळे चक्र बघून तेल निवडू नका, नाक बघून निवडा. मला विचाराल तर वाळा. मुळांपासून काढतात, वास मातकट, संथ, खाली बसवणारा. तेल दाट असतं, हळूहळू उडतं, त्यामुळे फायावर घातलेला एक थेंब बरेच दिवस पुरतो. लिंबाचं किंवा संत्र्याचं तेल पटकन उडून जातं, त्याने ताजंतवानं वाटतं पण बसायला फारसा उपयोग नाही. पेपरमिंटने नाक चुणचुणतं आणि तुम्ही श्वास पाहायच्या ऐवजी त्याची चुणचुण पाहत बसता. लव्हेंडर काहींना शांत करतं हे खरं, पण जुनं, उघडं राहिलेलं लव्हेंडर हवेने बदलतं आणि त्वचेला त्याची ॲलर्जी होण्याचं प्रमाण वाढतं. माठातल्या वाळ्याच्या जुडीमुळे वाळाही तुम्हाला माहेरच्या उन्हाळ्यात नेत असेल, तर सालईचा डिंक घ्या. सातपुड्यात, विदर्भाच्या कोरड्या जंगलांत सालई भरपूर आहे, परदेशी फ्रँकिन्सेन्स म्हणजे तिच्याच कुळातल्या झाडांचा डिंक. डिंक जाळायचा नाही, त्याचे दोन खडे नुसते डबीत ठेवायचे. वास अगदी मंद येतो, पण जवळून हुंगायला पुरतो.

संचातल्या चंदनाबद्दल थोडी शंका घ्या. अस्सल भारतीय चंदनाचं तेल झाडाच्या गाभ्यातून निघतं आणि गाभा धरायलाच झाडाला वर्षं लागतात. ठोक बाजारातही त्याचा भाव किलोला लाखाच्या वर आहे, म्हणजे दहा ग्रॅमला हजाराहून जास्त, तेही बाटली, जाहिरात, दुकानदार यांचं काहीही न धरता. पुण्यात बंगल्यांच्या आणि संस्थांच्या आवारातली चंदनाची झाडं रात्रीतून कापून नेतात ती उगीच नाही. कुणी तीन-चारशे रुपयांत पंधरा मिलीची बाटली देत असेल तर त्यात दुसरं तेल किंवा कृत्रिम वास मिसळलेला आहे एवढं नक्की. लेबलवर सँटालम अल्बम हे वनस्पतीचं नाव, कुठल्या भागापासून काढलंय, कुठल्या देशातलं, बॅच क्रमांक, हे बघा. सँटालम स्पिकॅटम लिहिलं असेल तर ते ऑस्ट्रेलियातलं दुसरं चंदन. वाईट नाही, पण आईच्या सहाणेचा वास त्याला येणार नाही. ‘थेरप्यूटिक ग्रेड’ या शब्दांवर जाऊ नका, अशी कुठलीही सरकारी प्रत नाही, ती कंपन्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली पदवी आहे. अत्तर घेणार असाल तर कनौजचं वाळ्याचं अत्तर मिळतं. पूर्वी ते चंदनाच्या तेलात उतरवायचे, आता बरेचदा पॅराफिन या खनिज तेलात उतरवतात. त्यात पाप वगैरे काही नाही, फक्त दुकानदाराला आधार कशाचा आहे ते विचारून घ्या आणि भाव त्या मानाने द्या.

हे सगळं करूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल, किंवा आईच्या शेवटच्या दिवसांचंच चित्र पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, तर तेल आणि ध्यान दोन्ही बाजूला ठेवून कुणाशी तरी बोला. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. तिथे फोन करणं म्हणजे वेड लागणं असं समजणारी पिढी आपलीच आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं. वर्षश्राद्धाच्या सुमाराला मन पुन्हा खाली बसतं, तेव्हा मुलीला चार दिवस आधीच बोलावून घ्या.

राहिली मैत्रीण. तिच्याशी भांडू नका. ती बहुधा स्वतःही तेच थेंब पाण्यातून घेत असेल आणि तिला कुणीतरी तसंच शिकवलं असेल. वर्गात चारचौघांसमोर विषय काढू नका. घरी चहाला बोलवा आणि स्पष्ट सांगा: ‘मी पोटातून घेणं बंद केलंय. तूही बंद कर, मला तुझी काळजी वाटते. सासूबाईंच्या दम्यामुळे डिफ्यूझर लावता येत नाही. न उघडलेल्या बाटल्या परत घेता येतील का ते तुझ्या वरच्या माणसाला विचारशील?’ परत घेतल्या तर उत्तम. नाही घेतल्या तर अकरा हजारांचं दुःख एकदाच करून घ्या, पण पैसे वसूल व्हावेत म्हणून वापरत राहू नका. पुढच्या वेळी ती नवीन काही घेऊन आली तर ‘मला जे हवं होतं ते मिळालं, आता नको’ एवढं पुरे, कारणं देत बसू नका, प्रत्येक कारणाला तिच्याकडे एक बाटली असेल. आणि वर्गात दुसऱ्या कुणाला, विशेषतः गरोदर मुलीला किंवा फिट्सचा त्रास असलेल्या कुणाला ती हे पोटातून घ्यायला सांगताना दिसली, तर मात्र संकोच न करता वर्ग चालवणाऱ्यांच्या कानावर घाला.